शिट्टीवाल्याची सुट्टी

बावीस वर्षं मी बोटीच्या शेपटाला उभा,
ओठांत पितळी शिट्टी, हातात भिजका दोर.
दोन आखूड : मागे घे.
एक लांब : लागली.
आणि ती बारीक, थरथरती, पाखराच्या पिलासारखी :
बाबा रे, जरा दमानं, म्हातारं माणूस उतरतंय.
पुढे सुकाणूवर थोंगदी.
कामावर असताना मी त्याचं तोंड पाहिलं नाही, त्यानं माझं नाही,
तरी एवढं बोलणं माझं बायकोशीही झालं नसेल.

तेव्हा बँकॉक मला विचाराल,
तर बँकॉक म्हणजे धक्क्याला टांगलेली जुनी टायरं,
शेवाळलेल्या पायऱ्या, टाचा, चपला,
भिक्षूंच्या भगव्या कडा, शाळेच्या पोरांचे मोजे,
आणि मागे मागे जाणारं तपकिरी पाणी.
मंदिरं? असतील की.
माझी त्यांच्याकडे पाठ.

आज सुट्टी.
आईला घेऊन निळ्या झेंड्याच्या बोटीत बसलो. पाहुण्यांची बोट.
तिकिटाची पोरगी पत्र्याची नळी खुळखुळवत आली,
ओळखून हसली, पैसे मात्र पुरते घेतले. तिप्पट.
आई म्हणाली, शहाणी आहे.

भोंगा इंग्रजीत बोलला, मग चिनीत.
वाऱ्यानं भाताचं शेत कलावं
तशा सगळ्या माना डावीकडे, तशाच उजवीकडे.
वाट अरुण आलं, चिनी मातीच्या तुकड्यांनी मढलेलं,
उन्हात लुकलुकणारं.
आई बराच वेळ बघत राहिली.
एवढ्या बशा फोडल्या कुणी, म्हणाली,
आणि बोलणी कुणी खाल्ली?
शेजारच्या जोडप्यानं फोन दिला, फोटो काढा म्हणून. काढला.
त्यात देऊळ अर्धं होतं
आणि धक्का अख्खा.

जुन्या लोखंडी पुलाखालून गेलो, सावली अंगावरून सरकली,
आणि आई उभी राहिली.
इथे आम्ही पडाव बांधायचो.
इथे म्हणजे कुठे? पाणीच तर होतं.
काठाला हॉटेलची गच्ची, पांढऱ्या छत्र्या, कुणीतरी पपई खात बसलेलं.
त्या छत्रीच्या अलीकडे, ती म्हणाली.
नाखोन सवानहून भात भरून यायचो,
एका दोराला अकरा पडाव, सातवा आमचा.
चूल वर, झोपणं वर, धुणं वर.
लहान पोरांच्या कमरेला दोरी, दोरीचं टोक खांबाला.
बुन्चूची मी बांधली होती.
मी नऊ वर्षांची, तो तीन.
गाठ चांगली होती, आई म्हणाली.
दोरीच जुनी होती.

मला एक मामा होता,
हे मला एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं,
तिप्पट तिकीट काढून.

भोंगा तेव्हा पुलाची लांबी सांगत होता.
जलपर्णीचं एक बेट संथ गेलं शेजारून,
वर एक बगळा, फुकट प्रवासी.
मी विचारणार होतो काहीतरी.
आई खाली बसली, पिशवीतून पेरू काढला,
निम्मा मला दिला. मीठ लावलेला निम्मा.

साथोर्नचा धक्का.
शेपटाला नवा पोरगा, शिट्टी अर्ध्या श्वासानं उशिरा,
बोट टायरांवर धडकली, पाहुणे हसले.
माझे ओठ आपोआप आवळलेले, बारीक, थरथरते,
पण तोंडात शिट्टी नव्हती.
बोट आणि धक्का यांच्या मधली ती फट,
उघडते, मिटते, उघडते,
बावीस वर्षं मी हजारोंना हात दिला तिच्यावरून,
आज मला खाली बघवेना.
पाठीमागून आईनं कमरेशी धरलं.
वाटलं, आधाराला.

वर येऊन पाहतो तर
तिच्या चौकड्याच्या पंचाचं एक टोक
माझ्या पट्ट्याच्या लुपीत गाठवलेलं,
दुसरं तिच्या मुठीला वेढे देऊन.
लोक बघत होते. मी सोडवू गेलो.
सुटेना. दोरवाल्याच्या बोटांना सुटेना.

राहू दे, म्हटलं.
तसेच दोघं चाललो
नूडल्सच्या गाडीपर्यंत, ती मागे, मी पुढे,
आणि गर्दीत जिथे ती रेंगाळली
तिथे कमरेला बसणारा तो हलका हिसका :
एक लांब.